मंडईच्या दिवशी निकाली निघालेली पाळी

मंडई ठरली तो दिवस. जबाबदार : तलाव समितीचे अध्यक्ष, ज्यांनी या गावजत्रेचा दिवस पानठेल्यावर उभ्याउभ्या जाहीर केला आणि लिहून कोणालाही दिला नाही.

मंडई भरली तो दिवस. जबाबदार : सारे गाव, ज्याने पहाटे भोंगा ऐकला आणि वडे तळण्याच्या गडबडीत त्याचा अर्थ लावला नाही.

मंडईचा दुसरा दिवस. जबाबदार : ग्रामपंचायतीच्या खोलीतला संगणक, त्याला काम शिकवणारी माझी सून, आणि भोंग्यातून बोललेला आवाज. तो आवाज माझा होता, हे मी नाकारत नाही. परंतु त्या क्षणी मी स्वतः घरी ओसरीवर चहा घेत होतो, आणि एकाच माणसाला एकाच वेळी दोन ठिकाणी हजर धरता येत नाही, हे कोणतेही न्यायालय मान्य करील.

दोषारोप असा आहे. आता हकीकत.

माझी सारी नोकरी तालुक्याच्या न्यायालयात बाबू म्हणून झाली. पुकारा करणारा शिपाई रजेवर असला की पुकारा मी करीत असे, आणि माझ्या पुकाऱ्याने रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवरचे पक्षकारही उठून उभे राहत. निवृत्तीनंतर मोहाडीहून आंधळगावकडे जाताना आत वळल्यावर लागणाऱ्या आमच्या गावी परतलो आणि पत्रे लिहू लागलो. थांब्यावर न थांबणाऱ्या एसटीबद्दल लिहिले, दिवसा जळणाऱ्या रस्त्यावरच्या दिव्यांबद्दल लिहिले, आणि तलावाच्या पाण्याबद्दल तर इतके लिहिले की समितीचे अध्यक्ष एके दिवशी स्वतः दारात येऊन बसले.

अध्यक्ष माझे बालमित्र. शाळेत ते माझ्या पाटीवरून उत्तरे उतरवून घेत, आणि त्याची फेड म्हणून आजतागायत मला ‘बाबूसाहेब’ म्हणतात.

“बाबूसाहेब,” ते म्हणाले, “बाहेर राहून मले पत्र लिवता, त्यापरीस समितीत येऊन सचिव व्हा. मंग सोतालेच लिवत जा.”

मी सचिव झालो.

ज्यांनी आमचा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. धानाच्या बांध्यांना, म्हणजे भातखाचरांना, तलावाचे पाणी मिळते ते पाळीने. आज याच्या बांधीत, उद्या त्याच्या. पाणी सोडण्याच्या दाराला आम्ही तुडुम म्हणतो, आणि त्याच्या कुलुपाची चाबी अध्यक्षांकडे असते. मी येण्यापूर्वी आज कोणाची पाळी, याचा निर्णय तुडुमावर जाऊन, फावडी हातात घेऊन आणि एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करून होत असे. मी ठराव केला. ठरावाचा मसुदा मोठा होता, पण त्याचे सार असे : पहाटे पंचायतीच्या भोंग्यावर ज्याचा पुकारा होईल, त्यालाच त्या दिवशी पाणी. पुकारा नाही, तर चाबी हलणार नाही. शेवटची पाळी झाल्यावर हंगाम संपल्याचा पुकारा होईल, आणि त्यानंतर तलावात उरलेले पाणी मासे धरणाऱ्या संस्थेचे.

ठराव एकमताने मंजूर झाला. भांडणे थांबली. रोज पहाटे मी चालत पंचायतीच्या खोलीवर जाई, भोंगा सुरू करी आणि न्यायालयात करीत असे तसाच पुकारा करी. पाळीवाल्याचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव, बांधीचा ठिकाणा आणि शेवटी ‘यांनी तुडुमावर हजर व्हावे’. गावातली पोरे खेळात एकमेकांना तसेच हजर करू लागली. पानठेल्यावर कोणीतरी म्हणाल्याचे कानावर आले की, बाबू पाणी देऊन राहिले की जनमठेप, काही समजत नाही. मी हा गौरव समजलो.

पुढे माझ्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. नागपूरला शस्त्रक्रिया ठरली, आणि त्यानंतर बरेच दिवस धूळ-धुराकडे जायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. हंगाम ऐन भरात होता. पहाटे पुकारा कोण करणार?

माझी सून नागपूरच्या एका कंपनीचे काम घरूनच करते. कंपनीच्या फाइली रोज ठरल्या वेळी एका फोल्डरातून दुसऱ्या फोल्डरात आपोआप जातील, अशा चार-चार ओळींच्या आज्ञा लिहिणे, हा तिच्या कामाचाच भाग. त्या आज्ञांना ती शेल स्क्रिप्ट म्हणते. ती म्हणाली, “मामाजी, सगळ्या पाळ्यांचा पुकारा आधीच रेकॉर्ड करून ठेवा. पंचायतीच्या संगणकावर मी स्क्रिप्ट लावून देते. पहाटे तो आपोआप त्या दिवसाची फाइल उचलून भोंग्यावर वाजवेल. तुम्ही झोपून राहा.”

झोपून राहण्याची सूचना मला रुचली नाही, परंतु योजना रुचली. दुपारी पंखा बंद करून, कुकरच्या शिट्टीला बंदी घालून, मी एकेक पुकारा ध्वनिमुद्रित केला. शेवटचा होता हंगाम संपल्याचा. फोल्डर तीन असावेत, हे तिचे म्हणणे. त्यांची नावे काय असावीत, हा माझा अधिकार. पहिल्याचे नाव मी ‘प्रलंबित’ ठेवले, दुसऱ्याचे ‘बोर्डावर’, तिसऱ्याचे ‘निकाली’. न्यायालयात प्रकरणे याच तीन फडताळांतून फिरतात. पहाटे स्क्रिप्ट जागी होई, काल बोर्डावर असलेली फाइल निकालीत टाकी, प्रलंबितातली पुढच्या क्रमांकाची फाइल बोर्डावर आणी आणि वाजवी. चहा न मागणारा असा शिपाई मी नोकरीत कधी पाहिला नव्हता.

प्रारंभी एक अडचण आली. फाइलींची नावे मी रीतसर दिली होती : ‘०१ सर्व संबंधितांस कळविण्यात येते की’, पुढे नाव. सून कपाळाला हात लावून बसली.

“मामाजी, नावात इतक्या मोकळ्या जागा सोडल्या तर आज्ञा वाचणारं ते शेल त्याचे तुकडे करतं. त्याला वाटतं, सर्व ही एक फाइल, संबंधितांस ही दुसरी.”

“मग त्याला सांग की हे एकच नाव आहे.”

“सांगते. अवतरणचिन्हात घालावं लागेल.”

“कायदाही तेच करतो,” मी म्हणालो, आणि शेलविषयी माझ्या मनात प्रथमच आदर उत्पन्न झाला.

तिने आणखी एक प्रश्न विचारला होता, हे येथे नोंदवणे प्रामाणिकपणाचे आहे. “मधे एखादा दिवस सुटतो का?” मी लेखी उत्तर दिले की, पाळीचा एकही दिवस सुटत नाही. उत्तर बिनचूक होते. पाळीचा दिवस सुटत नाहीच. प्रश्न मंडईबद्दल विचारला गेला नव्हता.

मंडई म्हणजे काय, हे आमच्या जिल्ह्यात कोणाला सांगावे लागत नाही, म्हणूनच ते कोणी सांगत नाही. दिवाळी झाली की एकेका गावाची मंडई भरते. पाळणे येतात, दुकाने लागतात, दंडारीचा नाच-सोंगांचा खेळ होतो. लेकी-जावई येतात, सोयरिकी जुळतात, आणि घरात पाय ठेवायला जागा उरत नाही. कोणत्या गावाची मंडई कधी, हे पंचांगात नसते. दंडारवाले कधी मोकळे, शेजारच्या गावाची कधी, हे पाहून गाव ठरवते, आणि तेही अगदी आयत्या वेळी. त्या दिवशी कोणी शेतात जात नाही. तुडुमाला कुलूप राहते. ज्याची पाळी त्या दिवशी येते, त्याला पाणी दुसऱ्या दिवशी मिळते आणि मागच्या सगळ्यांची पाळी एकेक दिवस पुढे सरकते. मी पहाटे स्वतः पुकारा करीत होतो, तेव्हा मंडईच्या दिवशी पंचायतीकडे जात नसे, इतकेच. हा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. श्वास घेण्याचा नियमही कुठे लिहिलेला नसतो.

त्या वर्षी मंडई आली ती नेमकी शेवटच्या पाळीच्या दिवशी. शेवटची पाळी माझ्या मोठ्या बहिणीची.

बाई, म्हणजे माझी मोठी बहीण, गावातच दिलेली. तिची बांधी कालव्याच्या अगदी शेवटाला. गावाने आता लवकर निघणारे धान धरले आहेत. उशिरा येणारा, वासाचा चिन्नोर आमच्या गावात फक्त तिच्या एका बांधीत उरला आहे, आणि दरवर्षीचे बियाणे ती त्यातूनच राखते. त्या चिन्नोरची खीर संक्रांतीला अध्यक्षांसह अर्ध्या गावाने खाल्लेली आहे. इतरांचे धान कापणीला आले, तेव्हा तिच्या लोंबीत नुकते दूध भरत होते. ते एक पाणी मिळाले नसते, तर लोंब्या पोचट राहिल्या असत्या, आणि पुढच्या वर्षी पेरायला बीसुद्धा हाती लागले नसते.

मंडईच्या पहाटे भोंग्याने बाईचा पुकारा केला. मी अंथरुणात स्वतःचा आवाज ऐकला आणि समाधानाने कूस बदलली. बाईनेही ऐकला. आज मंडई, पाणी उद्या, असे समजून ती जावयांसाठी वडे तळत बसली. साऱ्या गावाने तेच समजले. समजले नाही ते एकट्या संगणकाला.

दुसऱ्या पहाटे, ओसरीवर चहाचा पहिला घोट घेतला असेल, तोच भोंगा कडाडला. “सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, चालू हंगामातील सर्व पाळ्या पूर्ण झाल्या असून तुडुम बंद करण्यात आले आहे. यापुढे कोणाचीही तक्रार ऐकली जाणार नाही.” शेवटचे वाक्य मी मुद्दाम जोर देऊन म्हटले होते.

चहा संपायच्या आत बाई दारात होती. हातात फावडे, पदर खोचलेला.

“का रे बापू,” ती म्हणाली, “माही तक्रार काहून नाही आयकनार तू?”

“बाई, ते मी नाही बोललो. ती फाइल आहे.”

“आवाज तुहाच आहे ना? लहानपनी पेरू चोरले तवाबी तू असाच मनत होता, मी नाही, तो हात होता.”

सून आतून लॅपटॉप घेऊन आली. तिने पाहिले आणि दोन वाक्यांत सांगितले. बाईची फाइल काल बोर्डावर होती. आज पहाटे ती निकालीत गेली.

“निकाली?” मी म्हणालो. “सुनावणी न होता?”

“मामाजी, स्क्रिप्टला सुनावणी झाली की नाही हे कसं कळणार? एक दिवस गेला, फाइल गेली.”

इतक्या वर्षांच्या नोकरीत पक्षकाराला न ऐकता काढलेल्या निकालांवर मी मनातल्या मनात दात-ओठ खाल्ले आहेत. तो प्रकार माझ्याच आवाजात, माझ्याच सख्ख्या बहिणीवर व्हावा, याचा संताप मला आजही पुरून उरतो.

आम्ही तिघे अध्यक्षांकडे गेलो. ते अंगणात बाजेवर बसून, मंडईला आलेल्या पाहुण्यांच्या गराड्यात चिवडा खात होते. मी चाबी मागितली.

“चाबी?” ते म्हणाले. “बाबूसाहेब, हंगाम संपला. तुमीच सांगतलं आत्ता.”

“ते चुकून वाजले.”

“चुकून कसं? तुमचाच ठराव हाये. पुकारा नाही, त चाबी नाही. मायासारख्या अडाण्याले तुमी तो तीनदा वाचून दाखवला होता.” पाहुण्यांकडे वळून त्यांनी पुस्ती जोडली, “हे आमचे बाबूसाहेब. यायनं सोताच्या बहिनीचं पाणी सोताच बंद केलं. असा निष्पक्ष मानूस जिल्ह्यात नाही.”

पाहुणे हसले. बाईसुद्धा हसली, आणि हे मला सर्वांत अधिक लागले. मग ती अंगणाच्या पायरीवर बसली आणि फावडे तिने आडवे मांडीवर घेतले.

“हसून झालं त सांगा,” ती म्हणाली. “लोंबीत दूध आहे. दोन दिवसाचं ऊन ते धरन, तिसऱ्या दिवशी नाही धरनार. मंग संक्रांतीले खीर कायची खाता ते पाहाजा.”

अध्यक्षांचा हात चिवड्यातच थांबला. “बाई, मी काय नाही मनून राहिलो का? पन उद्या मासेवाले इचारतील, हंगाम संपल्यावर पाणी कोनाच्या हुकमानं सोडलं. मी काय सांगू? भोंग्यावर पुकारा झाला, त आत्ता चाबी देतो.”

सून म्हणाली, “मामाजी, एका ओळीचं काम आहे. निकालीतून फाइल उचलते, परत बोर्डावर ठेवते, वाजवते.”

वाचकहो, माझी अडचण समजून घ्या. एकदा निकाली निघालेले प्रकरण एखाद्या कारकुनाने आदेशाशिवाय परस्पर बोर्डावर आणले, तर त्याला आमच्या काळी निलंबित करीत. आणि येथे प्रकरण कोणाचे, तर सचिवाच्या सख्ख्या बहिणीचे. आज मी ती ओळ लिहू दिली असती, तर उद्या प्रत्येक जण आपली पाळी परत बोर्डावर आणायला माझ्या ओसरीवर बसला असता. तुडुमावरची फावडी ज्या ठरावाने घरी गेली, तो ठराव मी स्वतः मोडणार नव्हतो. तसे मी बोलून दाखवले.

“कोणाच्या आदेशाने?” मी सुनेला विचारले.

“तुहा आदेश येईस्तोवर,” बाई म्हणाली, “माहा चिन्नोर उभ्यानं वाळन. तू तवर कागद शोध.”

मी अंगणातच येरझारा घालू लागलो. संतापात माझे डोके चांगले चालते, हा माझा जुना अनुभव आहे. शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्याला उन्हाचा त्रास होत होता, म्हणून काळा चष्मा लावलेला. पाहुण्यांना तो दंडारीचाच उरलेला भाग वाटला असावा. आणि एकाएकी मला आठवले, ते इतके साधे होते की मी जागीच थांबलो.

“अध्यक्ष महाराज,” मी म्हणालो, “मंडईचा दिवस सुट्टीचा आहे की नाही?”

“हे काय इचारनं झालं? मंडईले सुट्टी नसन त कायले असन?”

“त्या दिवशी तुडुम उघडते का?”

“नाही उघडत. आज्याच्या वेळेपासून नाही उघडत.”

“तर मग ऐका. दाव्याच्या मुदतीचा शेवटचा दिवस न्यायालयाच्या सुट्टीचा आला, तर न्यायालय उघडेल त्या दिवशी दाखल केलेला दावा मुदतीतच धरला जातो. हा कायदा आहे. बाईच्या पाळीचा दिवस सुट्टीचा आला. तुडुम आज उघडण्यायोग्य आहे. म्हणून बाईची पाळी आजची आहे, ती संपलेलीच नाही, आणि हंगाम संपल्याचा पुकारा मुदतीपूर्वी झाल्याने निरर्थक आहे.”

अध्यक्षांनी चिवडा गिळला.

“बाबूसाहेब,” ते म्हणाले, “मंडईची पाळी दुसऱ्या दिवशी भेटते, हे त गावातल्या बैलालेबी मालूम आहे. तुमाले त्याच्यासाठी कायदा लागला?”

“मला नाही लागला. संगणकाला लागला.”

पंचायतीच्या खोलीत मी उभ्याने शुद्धिपत्रक म्हटले. आधीच्या पुकाऱ्यातील मजकूर रद्द समजावा, मंडईच्या सुट्टीमुळे शेवटची पाळी आज कायम आहे, बाईंनी तुडुमावर हजर व्हावे. सुनेने ते नव्या फाइलीत घेतले, प्रलंबितात ठेवले आणि पहाटेची वाट न पाहता स्क्रिप्ट हाताने चालवली. निकालीतल्या फाइलीला कोणी हात लावला नाही. ती आजही तेथेच आहे, आणि असावी.

भोंगा वाजला तेव्हा बाई केव्हाच बांधावर पोहोचली होती. अध्यक्षांनी स्वतः कुलूप काढले. मंडईला आलेले पाहुणे परतीच्या गाडीची वाट पाहणे सोडून पाण्यामागे निघाले, आणि त्यांच्यामागे मी. कोरड्या कालव्यातून पाणी जाते, तेव्हा त्याच्या पुढे काड्या, पाने आणि मंडईतले फुटके फुगे तरंगत जातात. बाईच्या नातवंडांनी त्यात चपला सोडून दिल्या आणि बांधीपर्यंत कोणाची आधी पोहोचते, यावर भांडण लावले. पाणी बांधीच्या तोंडाशी आले, तेव्हा बाईने फावड्याच्या एका घावाने धुरा, म्हणजे कडेचा मातीचा बांध, फोडला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “हजर आहो साहेब.”

संक्रांतीला खीर झाली. अध्यक्षांनी तीन वाट्या खाल्ल्या आणि चौथी मागितली.

सुनेने स्क्रिप्टमध्ये दुरुस्ती केली. आता पहाटे जागी झाल्यावर ती आधी पाहते, की ‘मंडई’ नावाची फाइल आहे का. असेल, तर ती काहीही न हलवता पुन्हा झोपी जाते, आणि फाइल काढून घेतल्यावर जेथल्या तेथून पुढे सुरू करते. फाइल रिकामी असली तरी चालते. नुसते नाव पुरे. मी बैठकीत हे समजावून सांगितले. सर्वांना आवडले. तेव्हा मागे बसलेल्या बाईने विचारले, “थे फाइल ठेवन कोन?”

मंडईचा दिवस अध्यक्ष ठरवतात, म्हणून फाइल त्यांनी ठेवावी, असा ठराव मी तेथल्या तेथे लिहिला. अध्यक्षांनी त्यावर सही केली.

आता पुन्हा दिवाळी होऊन गेली आहे. शेजारच्या गावांच्या मंडया जाहीर झाल्या. आमची कधी, हे मी अध्यक्षांना पत्राने विचारले; उत्तर नाही. दुसरे पत्र दिले. त्यांनी ते पानठेल्यावर मोठ्याने वाचून दाखवले आणि त्यात विडा बांधून नेला. समक्ष विचारले, तर म्हणतात, दंडारवाल्यांचे नक्की नाही, ठरले की सांगतो. प्रलंबित फोल्डरात आता मोजक्याच फाइली उरल्या आहेत. सर्वांत शेवटी हंगाम संपल्याची आहे, आणि तिच्या आधी, मागच्या वर्षीप्रमाणेच, माझ्या बहिणीची. तिच्या बांधीत चिन्नोर निसवला आहे.

म्हणून अध्यक्षांना माझे येथे जाहीर विचारणे आहे. या वर्षी मंडई कोणत्या दिवशी, आणि ‘मंडई’ ही फाइल तुम्ही स्वतः त्याच्या आदल्या संध्याकाळी ठेवणार की नाही? उत्तर पानठेल्यावर नको, चिवड्याच्या ताटावर नको, आणि माझ्या कानात तर मुळीच नको. पंचायतीच्या भोंग्यावर, सर्व गाव ऐकेल असे, स्वतःच्या आवाजात द्यावे. बाई बांधीच्या धुऱ्यावर उभी आहे आणि तिला तेथपर्यंत भोंगा स्पष्ट ऐकू येतो.